खाद्यपदार्थांचे प्लास्टिक पॅकिंग : पारख, हिशेब आणि धंद्याची संधी

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. थान उलगडून कापड बोटांत धरले की त्याचे सूत, वजन आणि घट्टपणा आम्हाला बऱ्यापैकी सांगता येतो. हीच सवय एकदा आमच्या अंगाशी आली.

मालेगावात आमच्या भाच्याने नानखटाईचा धंदा सुरू केला. माल उत्तम होता, भट्टीवरूनच लोक हातोहात नेत. मग धुळे, मनमाड आणि जळगावच्या दुकानदारांना पाकीटबंद माल पाठवावा असे ठरले. पिशव्या निवडण्यासाठी तो आम्हाला बरोबर घेऊन गेला. दुकानदाराने दोन नमुने पुढे ठेवले. एक जाड, मऊ आणि पारदर्शक पिशवी. दुसरी त्याहून पातळ, हातात कुरकुर वाजणारी आणि चंदेरी. आम्ही दोन्ही चिमटीत धरून पाहिल्या आणि कापडाच्या न्यायाने निकाल दिला, "जाड घे. पातळीत काय दम असणार?"

दीड महिन्याने भाचा दुकानावर आला. "मामू, तिन्ही गावांहून माल परत येतोय." आम्ही एक पाकीट फोडले. नानखटाई मऊ पडली नव्हती, बुरशीही नव्हती. मात्र तुपाला खवट वास सुटला होता. त्याची दोन महिन्यांची कमाई आणि तीन गावांतील दुकानदारांचा भरवसा एकदम गेला. दोष भाच्याच्या हाताचा नव्हता, आमच्या सल्ल्याचा होता. तेव्हापासून आम्ही हा विषय विचारून, वाचून आणि कारखान्यांत जाऊन समजून घेतला. आपल्या समाजातील कितीतरी भाऊ बेकरी, फरसाण, मसाले, फळे, मांस आणि शिजवलेल्या अन्नाच्या धंद्यात आहेत. आम्ही जे नुकसान सोसून शिकलो ते त्यांना फुकटात कळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पदार्थाचा दुश्मन ओळखा

पॅकिंगचा पहिला प्रश्न 'पिशवी कोणती?' हा नाही. 'आमचा माल कशाने खराब होतो?' हा आहे. अन्नाचे मुख्य दुश्मन चार : ओलावा, हवेतील ऑक्सिजन, उजेड आणि जंतू. प्रत्येक पदार्थाचा मोठा दुश्मन वेगळा असतो.

खारी, टोस्ट, बिस्किटे आणि पापड यांना बाहेरचा ओलावा मारतो. पावाचे उलटे आहे. त्यातील ओलावा निघून गेला तर तो वाळतो आणि आत कोंडून राहिला तर बुरशी धरतो. नानखटाई, फरसाण, तळलेले वेफर, काजू आणि अक्रोड यांत तेल-तूप भरपूर असते. या स्निग्ध अंशाशी ऑक्सिजनचा संयोग झाला की माल खवट होतो आणि उजेडाने ही क्रिया अधिक वेगाने होते. मसाल्याचा सुगंध उडून जातो, म्हणजे तेथे आतून बाहेर जाणारी वाट बंद करावी लागते. मांस आणि सालनाचा दुश्मन जंतू, आणि तेथे केवळ पिशवी बदलून काही साधत नाही.

आमची चूक नेमकी येथेच झाली. आम्ही ओलाव्याला अडविणारी पिशवी घेतली आणि नानखटाईचा दुश्मन तर ऑक्सिजन होता.

प्लास्टिकच्या जाती

सर्व प्लास्टिक एक नव्हे, जसे सर्व कापड एक नव्हे. खाद्यपदार्थांच्या पॅकिंगमध्ये प्रामुख्याने पुढील जाती येतात.

पॉलिथिन : दुधाची पिशवी याचीच. ओलाव्याला चांगले अडविते, कमी उष्णतेवर वितळून घट्ट चिकटते, म्हणून सील करण्यास उत्तम. पण ऑक्सिजनला जवळजवळ मोकळी वाट देते.

पॉलिप्रोपिलिन : हे पॉलिथिनपेक्षा जास्त उष्णता सहन करते. त्याची फिल्म उभी आणि आडवी अशी दोन्ही बाजूंनी ताणली की ती चकचकीत, कडक आणि मजबूत होते. बाजारात तिला बीओपीपी म्हणतात. बिस्किटांच्या पुड्यावर बहुधा हीच असते. ताणा आणि बाणा दोन्ही घट्ट असले की कापड जसे सरकत नाही, तसाच हा प्रकार समजावा. ओलाव्याला ही फिल्म छान अडविते, ऑक्सिजनला मात्र पुरेसे नाही.

पॉलिस्टर : आपल्या शर्टिंगमधील धागा, पाण्याची बाटली आणि पाकिटाची बाहेरची चकचकीत फिल्म, ही तिन्ही एकाच पदार्थाची रूपे आहेत. पॅकिंगवाले त्याला पेट म्हणतात. १९४१ मध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या कापड छापणाऱ्या संस्थेतील व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी ते शोधून काढले. अमेरिकेत वाएथ यांनी पेटच्या बाटलीचे पेटंट घेतले ते १९७३ मध्ये. म्हणजे ही वस्तू आधी कापडवाल्यांची आहे आणि मग पॅकिंगवाल्यांची. ती ताकदवान आहे, छपाई उत्तम घेते आणि ऑक्सिजनला बऱ्यापैकी रोखते.

नायलॉन आणि ईव्हीओएच : हे दोन्ही ऑक्सिजनला अडविण्यात तरबेज, त्यातही ईव्हीओएच फार सरस. पण ओलावा लागला की त्यांची ही ताकद घटते. म्हणून त्यांना दोन्ही बाजूंनी दुसऱ्या प्लास्टिकचे कवच देऊन मधोमध बसवितात.

चंदेरी फिल्म : निर्वात यंत्रात ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा अत्यंत बारीक लेप पॉलिस्टरवर बसवितात. आपल्या साडीच्या काठातील नकली जर अशाच फिल्मच्या पट्ट्या कापून होते. तीच फिल्म पाकिटात गेली की ऑक्सिजन, ओलावा आणि उजेड या तिघांनाही अडविते.

आता आकडे पाहा. २५ मायक्रॉन जाडीच्या एक चौरस मीटर पॉलिथिनमधून चोवीस तासांत ढोबळमानाने ७,००० ते ८,००० घन सेंटीमीटर ऑक्सिजन पार होतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेच पॉलिथिन चौपट जाड, म्हणजे १०० मायक्रॉनचे केले तरी सुमारे २,००० पार होतोच. उलट केवळ १२ मायक्रॉनच्या पॉलिस्टरमधून शंभर-सव्वाशे जातो आणि त्याच पॉलिस्टरवर चंदेरी लेप असला तर एक-दोनच्या आसपास. आम्ही ज्या पिशवीला 'दमदार' म्हटले ती ऑक्सिजनपुरती मच्छरदाणी निघाली.

बकरम आणि अस्तर

मग प्रश्न येतो की सर्व गुण एकाच फिल्ममध्ये मिळतात काय? मिळत नाहीत. म्हणून दोन-तीन फिल्म चिकटवून एक केली जाते. यास लॅमिनेशन म्हणतात. शेरवानीचे उदाहरण घ्या. वरचे कापड दिसण्यासाठी, मधले बकरम आकार धरण्यासाठी आणि आतले अस्तर अंगाला लागण्यासाठी. पाकिटातही तीनच कामे असतात. बाहेरचा पदर छपाई आणि ताकदीसाठी, मधला पदर दुश्मनाला अडविण्यासाठी आणि आतला पदर अन्नाला लागण्यासाठी व सील होण्यासाठी. छपाई बाहेरच्या फिल्मच्या आतल्या अंगाला उलटी करतात. त्यामुळे शाई दोन पदरांमध्ये दाबली जाते. ती हाताला किंवा मालाला लागत नाही.

अलीकडचे नवे तंत्र या पदरांभोवतीच फिरते आहे. पॉलिस्टर, ॲल्युमिनियम आणि पॉलिथिन असे भिन्न पदर एकदा चिकटले की त्यांना वेगळे करणे फार कठीण असते, म्हणून अशा पाकिटांचा पुनर्वापर होत नाही. भंगारवाला ती उचलीतच नाही. यावर उपाय म्हणून आता एकाच जातीचे पाकीट करण्याकडे जगाचा कल आहे. बाहेरचाही पदर पॉलिथिनचाच, पण ताणून कडक केलेला. आत साधे पॉलिथिन. आणि मध्ये ईव्हीओएचचा अगदी थोडा अंश. युरोपीय संघाने २०२४ मध्ये जो पॅकेजिंगचा कायदा मंजूर केला, त्यानुसार २०३० पासून तेथील सर्व पॅकिंग पुनर्वापर होण्याजोगे असावे लागणार आहे. युरोपात माल पाठविणाऱ्यांनी ही बाब आतापासून ध्यानात ठेवावी.

किलोचा भाव आणि पिशवीचा भाव

आमची दुसरी चूक हिशेबाची होती. पिशव्यांचा व्यवहार किलोने चालतो आणि आम्ही किलोचा भाव पाहून जाड पिशवी स्वस्त मानली. कापडवाल्याने अशी चूक करावी याची आम्हाला आजही शरम वाटते, कारण कापडाचे वजन चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे जीएसएम, हा हिशेब आम्ही रोज करतो. तोच येथे लागू होतो. फिल्मच्या मायक्रॉनला तिच्या घनतेने गुणले की जीएसएम मिळते. पॉलिथिनची घनता सुमारे ०.९२ आणि पॉलिस्टरची सुमारे १.४.

समजा पिशवी १५ सेंटीमीटर रुंद आणि २० सेंटीमीटर उंच आहे. दोन्ही बाजू मिळून तिला ०.०६ चौरस मीटर फिल्म लागते.

१) १०० मायक्रॉन पॉलिथिन : जीएसएम ९२. एका पिशवीचे वजन सुमारे ५.५ ग्रॅम. एका किलोत सुमारे १८१ पिशव्या.

२) १२ मायक्रॉन पॉलिस्टर आणि ५० मायक्रॉन पॉलिथिन, मध्ये चिकटविण्याचा गोंद : जीएसएम सुमारे ६५. एक पिशवी ३.९ ग्रॅम. किलोत सुमारे २५६ पिशव्या.

३) १२ मायक्रॉन पॉलिस्टर, १२ मायक्रॉन चंदेरी पॉलिस्टर आणि ५० मायक्रॉन पॉलिथिन : जीएसएम सुमारे ८५. एक पिशवी ५.१ ग्रॅम. किलोत सुमारे १९६ पिशव्या.

तात्पर्य, दुसऱ्या प्रकारचा किलोचा भाव पहिल्यापेक्षा चाळीस टक्के जास्त असला तरी पिशवी त्याच किमतीत पडते. तीन पदरांची चंदेरी पिशवीदेखील जाड साध्या पिशवीपेक्षा वजनाने हलकीच आहे. म्हणून विक्रेत्याला भाव विचारताना तीन गोष्टी एकत्र विचाराव्यात : पदर कोणते, प्रत्येकाचे मायक्रॉन किती आणि हजार पिशव्यांचे काय पडतील. आणि त्यापुढे स्वतःला चौथी विचारावी : परत आलेल्या एका पाकिटाचे नुकसान किती पिशव्यांच्या किमतीएवढे आहे?

कोणत्या धंद्याला कोणते तंत्र

बेकरी व फरसाण : चंदेरी पाकिटाबरोबर नायट्रोजनचा वापर करावा. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. सील करण्यापूर्वी पाकिटात नायट्रोजन सोडून हा अंश दोन-तीन टक्क्यांच्या खाली आणता येतो. वेफरचे पाकीट फुगलेले असते ते गिऱ्हाइकाला फसविण्यासाठी असे अनेकांना वाटते. वास्तविक तो नायट्रोजन माल खवट होऊ देत नाही आणि प्रवासात चुराही होऊ देत नाही. मात्र साध्या पॉलिथिनमध्ये नायट्रोजन भरणे म्हणजे चाळणीत पाणी भरणे होय. दुसरा उपाय लोहभुकटीच्या पुडीचा आहे. ही पुडी आतील ऑक्सिजन शोषून घेते. जपानच्या मित्सुबिशी गॅस केमिकल कंपनीने १९७७ मध्ये अशी पुडी बाजारात आणली. सुका मेवा आणि खजुराच्या मिठाईसाठी थोड्या भांडवलात हा मार्ग सोईचा आहे. पुडीवर 'खाऊ नये' असे ठळक छापलेले असावे.

मांस : व्हॅक्यूम पाकिटात मांसाचा रंग जांभळट काळपट होतो आणि गिऱ्हाईक त्याला शिळे समजते. मांसातील लाल रंगद्रव्याला ऑक्सिजन मिळाला नाही की असे होते. पाकीट फोडून काही वेळ ठेवले की लाली परत येते. ही एक ओळ पाकिटावर छापली तर निम्मे वाद मिटतील. जेथे लाल रंगच दाखवायचा असतो तेथे मोठे विक्रेते ट्रेमध्ये ७० ते ८० टक्के ऑक्सिजन व बाकी कार्बन डायऑक्साइड असे मिश्रण भरतात. पण त्यास यंत्र महाग पडते आणि माल व्हॅक्यूमइतका टिकत नाही. व्हॅक्यूमसाठी नायलॉनचा पदर असलेली पिशवी घ्यावी, कारण हाड टोचून साधी पिशवी फाटते. आणि व्हॅक्यूम हा बर्फाला पर्याय नव्हे. ताजे मांस ० ते ४ अंशांतच राहिले पाहिजे.

शिजवलेले अन्न : बिर्याणी, निहारी आणि सालन पाकीटबंद करून दूरदेशी पाठविण्याची कल्पना अनेकांच्या मनात आहे. त्यासाठी रिटॉर्ट पाउच हे तंत्र आहे. पॉलिस्टर, ॲल्युमिनियमचा पत्रा, नायलॉन आणि उष्णता सोसणारे पॉलिप्रोपिलिन असे पदर असलेल्या पाकिटात अन्न भरून, सील करून, ते दाबाखाली साधारण १२१ अंशांवर तापवितात. मग फ्रिजशिवाय ते वर्षभर टिकू शकते. जपानच्या ओत्सुका कंपनीने १९६८ मध्ये बॉन करी नावाने असे सालन बाजारात आणले. पहिल्या पाकिटात ॲल्युमिनियमचा पदर नव्हता, त्यामुळे माल काही महिनेच टिके. पुढच्याच वर्षी तो पदर घातला आणि मुदत खूप वाढली. एका पदराने धंद्याचे नशीब कसे पालटते याचा हा नमुना होय. आपल्याकडे म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने हे तंत्र फौजेसाठी विकसित केले आणि खासगी उद्योगांनाही दिले.

येथे आम्ही हात जोडून एक इशारा देतो. घरी शिजविलेले सालन व्हॅक्यूम पिशवीत भरून 'महिनाभर टिकते' म्हणून कोणीही विकू नये. बोट्युलिझमचे जंतू उकळण्यानेही मरत नाहीत अशा बीजरूपात राहतात आणि हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या अन्नातच वाढतात. त्यांचे विष जीव घेते आणि अन्नाचा वास-रंग पुष्कळदा बदलतही नाही. रिटॉर्टचे तापमान व वेळ जाणकार तंत्रज्ञाकडून ठरवून आणि प्रयोगशाळेत तपासूनच हा धंदा करावा. एरवी तो करू नये.

सरबत : गरम सरबत साध्या पेट बाटलीत भरले की बाटली आकसते. साधारण ७० अंशांच्या पुढे साधे पेट नरम पडते. गरम भरण्यासाठी खास उष्णता देऊन पक्की केलेली बाटली वेगळी मिळते. मागताना 'हॉट फिल' असे स्पष्ट सांगावे.

लोणचे : लोणच्याचे मीठ आणि आंबटपणा चंदेरी लेपाला खातात आणि तेल सीलच्या फटीतून वाट काढते. येथे नायलॉनचा पदर व रुंद सील घ्यावे. भरताना तोंडाला तेल लागू देऊ नये.

फळे : आमच्या नाशिक जिल्ह्यातून निर्यात होणाऱ्या द्राक्षांच्या पेटीत एक कागदासारखा पॅड ठेवलेला असतो. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असते. पेटीतील ओलाव्याने त्यातून हळूहळू गंधकाचा वायू सुटतो आणि करड्या बुरशीला रोखतो. शिवाय बारीक छिद्रांच्या फिल्मही निघाल्या आहेत. फळ तोडल्यानंतरही श्वास घेत असते, तो पूर्ण कोंडला तर ते सडते, म्हणून छिद्रे किती असावीत हे फळागणिक ठरते. बागवान भावांनी हे तंत्र निर्यातदारांपुरते न ठेवता डाळिंब आणि भाजीपाल्यासाठीही चाचपून पाहावे.

कायद्याची बाजू

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी अन्नासाठी वापरायच्या प्लास्टिकला मानके लावली आहेत. पिशवीतून अन्नात उतरणारा अंश किलोमागे ६० मिलिग्रॅम किंवा चौरस डेसिमीटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. ही चाचणी आयएस ९८४५ या मानकाप्रमाणे होते. विक्रेत्याकडे तिचा अहवाल लेखी मागावा. 'फूड ग्रेड आहे' या तोंडी शब्दावर विसंबू नये. वर्तमानपत्रात अन्न गुंडाळण्यासही याच नियमांनी मनाई आहे.

आमच्या मालेगावात भंगार प्लास्टिकपासून दाणा करण्याचे आणि पाइप ओढण्याचे कारखाने आहेत. तो हुन्नर मोठा आहे. पण त्या दाण्याची पिशवी अन्नाला चालत नाही, कारण त्यात पूर्वी काय भरले होते हे कोणालाच ठाऊक नसते. पेटच्या बाबतीत मंजूर पद्धतीने शुद्ध केलेल्या मालाला वाट मोकळी होत आहे, परंतु ती खास कारखान्यांची गोष्ट आहे. स्वस्त रंगीत पिशवीत गरम सालन देणाऱ्या हॉटेलवाल्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१ जुलै २०२२ पासून काही एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तीत मिठाईच्या डब्यावर गुंडाळायची फिल्मही आहे. हातपिशवी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही, आणि महाराष्ट्राचे २०१८ पासूनचे निर्बंध वेगळेच आहेत. शिवाय पॅकिंग बनविणारे, आयात करणारे आणि आपल्या नावाने माल विकणारे यांच्यावर कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी आली आहे. आपण तिच्या कोणत्या वर्गात मोडतो हे यंत्र घेण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारून घ्यावे.

परदेशी हलाल माल पाठविणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. प्लास्टिकमध्ये मिसळली जाणारी स्टिअरेटसारखी काही द्रव्ये वनस्पती तेलापासून होतात, तशी जनावरांच्या चरबीपासूनही होतात. मलेशियाचे हलाल मानक पॅकिंगच्या साहित्यालाही लागू आहे. पुरवठादाराकडून ती द्रव्ये कशापासून केली आहेत याचा लेखी खुलासा घेऊन ठेवावा.

भांडवलाप्रमाणे संधी

फिल्म बनविण्याचा कारखाना हा मोठ्या भांडवलाचा खेळ आहे. सामान्य व्यापाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. पण खालच्या पायऱ्यांवर जागा आहे.

पहिली पायरी, तयार पिशव्यांचा व्यापार. छपाईत प्रत्येक रंगाला एक सिलिंडर लागतो, जसे आपल्या कापडछपाईत प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन लागतो. म्हणून कारखाने लहान ऑर्डर घेत नाहीत. गावोगावच्या लहान उत्पादकांना पाचशे-हजार चांगल्या कोऱ्या पिशव्या आणि त्यावर लावायचे लेबल देणारा माणूस हवा आहे. सिलिंडर न लागणारी डिजिटल छपाईही आता लहान ऑर्डरसाठी मिळते.

दुसरी पायरी, मजुरीवर पॅकिंग. एका मोहल्ल्यात दहा बेकऱ्या असतील तर प्रत्येकाने नायट्रोजनचे यंत्र घेण्याची गरज नाही. एकाने घ्यावे आणि बाकीच्यांचा माल मजुरीने भरून द्यावा. यंत्रमागावर जॉबवर्क करणाऱ्यांना ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरी पायरी, छापील रोल आणून त्याच्या पिशव्या करण्याचे यंत्र. येथे सीलचे तापमान, दाब आणि वेळ सांभाळणारा कारागीर महत्त्वाचा. सूत तुटले की ओळखणारा आपला मागवाला हे काम लवकर शिकेल असे आमचे मत आहे.

शिकण्यासाठी मुंबईत अंधेरीला १९६६ पासून भारतीय पॅकेजिंग संस्था आहे. तेथे शिक्षणही मिळते आणि नमुने तपासूनही मिळतात. अन्नाच्या बाजूचे ज्ञान म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये लहान खाद्य उद्योगांसाठी ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची योजना काढली होती. सध्या कोणती योजना चालू आहे याची चौकशी स्वतः जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात करावी, दलालाकडे करू नये.

घरच्या घरी परीक्षा

नवे पाकीट बाजारात पाठविण्यापूर्वी या चार परीक्षा कराव्यात. एक, भरलेले पाकीट पाण्यात दाबून धरावे. बुडबुडे आले तर सील कच्चे. दोन, रिकाम्या पाकिटात रंगीत स्पिरिट घालून सीलच्या कडेला टेकवावे. रंग सीलमध्ये शिरला तर तेथे फट आहे. तीन, पाच पाकिटांचे वजन बारीक काट्यावर दर आठवड्याला नोंदवावे. खारीचे वजन वाढले तर ओलावा आत येतो आहे, पावाचे घटले तर बाहेर जातो आहे. चार, प्रत्येक घाण्यातील काही पाकिटे तारीख घालून ठेवावीत, काही सावलीत आणि काही दुकानाच्या उजेडात, आणि ठरलेल्या दिवशी फोडून वास घ्यावा. जी मुदत पाकिटावर छापायची ती या नोंदीतून निघावी. शेजाऱ्याच्या पाकिटावरून ती उतरवू नये.

आमच्या भाच्याने पुढे हेच केले. तीन महिने त्याने बाहेरगावी माल पाठविला नाही. चंदेरी पाकिटे, नायट्रोजन आणि वहीतील नोंदी असे करून मग पुन्हा सुरुवात केली. धुळे आणि मनमाडचे दुकानदार परत जोडले गेले. जळगावच्याने आजवर माल घेतलेला नाही. आता पिशवी निवडायची झाली की भाचा आमच्या हातात नमुना देत नाही, पदरांचा कागद देतो. आणि आम्ही आधी तो वाचतो, मग पिशवीला हात लावतो.